तुकडी तव्यावर जाण्यापूर्वी

(द्वितीय वर्ष, कला)

वार्षिकांकासाठी साहित्य द्यावे, अशी सूचना फलकावर लागली तेव्हा मी एका कादंबरीवर लेख लिहायचे ठरवले होते. चार पाने लिहूनही झाली. मराठीच्या सरांनी ती वाचली आणि परत देताना एवढेच विचारले, "यात तुला स्वतःला ठाऊक असलेले काय आहे?" मला उत्तर देता आले नाही. घरी जाताना एस.टी.त बसून मी विचार करू लागलो. इतिहासातल्या सनावळ्या पाठ आहेत, अर्थशास्त्रातल्या व्याख्या पाठ आहेत. पण पाठ असणे वेगळे आणि ठाऊक असणे वेगळे. खरोखर ठाऊक म्हणावे असे एकच निघाले, आणि ते महाविद्यालयाच्या अंकात लिहायची लाज वाटत होती. ते म्हणजे मासा. तो कसा पारखावा, कसा कापावा आणि कसा रांधावा.

आमचे गाव मालवण तालुक्यात, अगदी किनाऱ्याला लागून. वडील ट्रॉलरवर खलाशी आहेत आणि आई बाजारात मासे विकते. घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. माशांच्या घरातला मुलगा म्हटल्यावर वाचकांना वाटेल की, आमच्याकडे रोज सुरमई-पापलेटाची चंगळ असणार. तसे मुळीच नाही. सुरमई, हलवा, रावस, पापलेट हे आमच्या दृष्टीने 'पैशाचे मासे'. ते आईच्या पाटीतून गिऱ्हाइकाच्या पिशवीत जातात. आमच्या चुलीवर शिजतो तो बांगडा, तारली, पेडवे. सुरमई घरी आलीच तर डोके येते, नाही तर शेपटीचा न खपलेला तुकडा येतो. तरीही सुरमईविषयी आईइतके जाणणारे माणूस मी पाहिलेले नाही, आणि तिच्याकडून मी जे शिकलो ते एक मोठी चूक करून शिकलो. ती चूकही या लेखात सांगणार आहे, कारण तिच्यावाचून लेखाला अर्थ नाही.

घट्ट मासा म्हणजे काय

ज्यांची तुकडी शिजल्यावर पांढरी होते आणि तव्यावर उलटली तरी मोडत नाही, अशा माशांपैकी आपल्या बाजारात सुरमई, हलवा, रावस, घोळ आणि पापलेट हे मुख्य. सुरमईला गोव्याकडे इसवण म्हणतात. ती बांगड्याच्याच कुळातली, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते. पण शेपटीजवळ पाठीपोटावर असलेले बारीक पंखांचे तुरे पाहिले की नाते ध्यानात येते. हलव्याला इंग्रजीत काळे पापलेट म्हणतात, पण तो खरोखर पापलेटाच्या कुळातला नाही. रावसालाही उगाच 'भारतीय सामन' हे नाव चिकटले आहे. त्याचा आणि सामनचा काही संबंध नाही. पापलेट हा २०२३ साली महाराष्ट्राचा राज्यमासा जाहीर झाला, आणि त्याच वर्षी गुजरातने घोळीला तो मान दिला.

माशाचे मांस मटणापेक्षा इतके लवकर का शिजते, हा प्रश्न मला पूर्वी कधी पडला नव्हता. शास्त्र शाखेतल्या एका मित्राशी बोललो, ग्रंथालयातली पुस्तके पाहिली, तेव्हा कारण कळले. बकऱ्याला स्वतःचे वजन पायांवर पेलावे लागते. माशाचे वजन पाणी पेलते. म्हणून माशाच्या अंगात चिवट तंतू फार थोडे असतात. त्याचे स्नायू आखूड धाग्यांच्या थरांनी बनलेले असतात आणि दोन थरांमध्ये एक पातळ पडदा असतो. उष्णता लागली की हा पडदा विरघळतो आणि थर सुटे होतात. शिजलेल्या सुरमईच्या पाकळ्या सुटतात त्या यामुळेच. साधारण साठ अंश उष्णतेला माशाचे मांस शिजून पांढरे होते. पाणी शंभर अंशाला उकळते, हे लक्षात घेतले म्हणजे मासा 'शिजवणे' किती थोडा वेळ लागणारे काम आहे ते कळते. त्यापुढे जी काही आच देतो ती शिजवणारी नसते, सुकवणारी असते.

पांढरे मांस हे झटक्यात झेप घेण्याचे, आणि तांबूस मांस हे सतत पोहण्याचे. सुरमईच्या तुकडीत दोन्ही कडांना, कातडीलगत, जो काळपट तांबडा पट्टा दिसतो तो या सतत पोहण्याच्या स्नायूंचा. तो खराब नसतो. काही गिऱ्हाइके तो पाहून नाक मुरडतात. पण त्याला वास व चव थोडी उग्र असते, एवढेच.

पारख

आता माझी चूक. गेल्या वर्षी ऑक्टोबरात शिंगाळा साफ करताना त्याचा काटा आईच्या तळहातात गेला. या काट्याला विष असते. कढत पाण्यात हात धरला, दवाखान्यात नेले. पण हात सुजून बसला तो आठवडाभर. वडील समुद्रात होते. धंदा बंद ठेवून चालणार नव्हते, म्हणून सकाळच्या लिलावाला मी जायचे ठरले. साडेआठला तास होता. मी महाविद्यालयाचेच कपडे घालून, इस्त्रीच्या पँटने, किनाऱ्यावर गेलो.

तीन सुरमया लिलावाला लागल्या होत्या. मिळून नऊ किलो. दिसायला झकास, पाठ निळी, पोट रुपेरी. बायका वाकून वाकून बघत होत्या, बोटाने दाबत होत्या. मी वाकलो नाही. एक तर कपडे खराब होतील म्हणून, आणि खरे सांगायचे तर माझ्या वर्गातली दोन मुले शेजारी उभी होती म्हणून. त्यांच्यादेखत माशाला हात लावायला मला नको वाटले. मी किलोला ६०० रुपयांप्रमाणे बोली दिली. बाकीच्या बायका गप्प राहिल्या. त्या का गप्प राहिल्या, हे मला तेव्हा कळले नाही.

आईने पाटीवरचे ओले गोणपाट बाजूला केले, डाव्या हाताचे बोट सुरमईच्या पाठीवर दाबले आणि उचलले. बोटाची खळी तशीच राहिली.

ती फक्त म्हणाली, "झिला, पँट इस्त्रीची, म्हणान बोट लावलंस नाय?"

मासा नासलेला नव्हता. लांबवर गेलेल्या ट्रॉलरच्या बर्फात तो पुष्कळ दिवस पडून होता, त्यामुळे त्याचे अंग सैल झाले होते. असा मासा तव्यावर टाकला की तुकडी मोडते. आई सुजलेला हात पदरात झाकून बाजारात बसली, आणि तुकड्या करून देण्याचे काम मी केले. ८०० रुपयांच्या भावाने विकण्याच्या सुरमया तिने ४०० रुपयांनी विकल्या. कारण जे गिऱ्हाईक येई त्याला ती आपणहून सांगे, "वयनी, ह्या माशाची कढी करा, तळूक नको." मी तिला दबक्या आवाजात म्हटले, "कशाला सांगतेस? बघितल्यावर कुणाला कळतंय?" ती म्हणाली, "तव्यार कळता." त्या दिवशी १८०० रुपये गेले. माझ्या परीक्षेच्या अर्जासाठी डब्यात ठेवलेले पैसे त्यात संपले आणि अर्ज मी नंतर विलंबशुल्कासह भरला. आई मला एका शब्दाने बोलली नाही; पण दुसऱ्या दिवसापासून तिने मला रोज एक मासा हातात देऊन प्रश्न विचारायला सुरुवात केली. ती परीक्षा अशी :

पहिले बोट. पाठीचा जाडसर भाग दाबावा. खळी ताबडतोब भरून आली पाहिजे. मेल्यानंतर काही तास मासा लाकडासारखा ताठ असतो. तसा मिळाला तर उत्तमच. दुसरा डोळा. तो फुगीर आणि स्वच्छ हवा. आत गेलेला, दुधाळ झालेला नको. तिसरा कल्ला. तो उचलून आतला रंग बघावा. लाल असावा, विटकरी किंवा करडा नसावा. चौथा वास. ताज्या माशाला समुद्राचा वास येतो, 'माशाचा' वास येत नाही. हे वाक्य चमत्कारिक वाटेल, पण अनुभव घेऊन पाहावा. पाचवे पोट. ते फुटलेले किंवा लिबलिबीत नको. कापलेली तुकडीच घ्यायची असेल तर मधल्या काट्याला मांस घट्ट धरून आहे ना, एवढे पाहावे. काट्यापासून मांस सुटू लागले असेल तर तो मासा आमच्या त्या सुरमयांचा भाऊ समजावा.

आणखी एक गोष्ट आकाराची. महाराष्ट्र शासनाने २०२३ साली ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याचे किमान आकारमान ठरवून दिले आहे, आणि त्यात सुरमईही आहे. वीतभर सुरमई स्वस्तात मिळते म्हणून आपण घेतो, तेव्हा एकदाही अंडी न घातलेला मासा आपण खात असतो. पुढच्या वर्षी वडिलांच्या जाळ्यात काय येणार, याचे उत्तर आजच्या पिशवीत असते. गिऱ्हाइकाने बारकी सुरमई घेतलीच नाही, तर ती कुणी आणणार नाही.

साफ करणे आणि कापणे

पुष्कळ घरांत मासा आधी कापतात आणि मग तुकड्या तीन-चार पाण्यांनी खळखळून धुतात. आईचा नियम याच्या उलट आहे. अख्खा मासा हवा तितका धुवावा. कापल्यावर मात्र त्याला जवळजवळ पाणी लावू नये. ती म्हणते, "कापलेलो मासो धुतल्यावर चव व्हाळात जाता." याचे कारण उघड आहे. कापलेल्या तोंडातून माशाचा रस निघून जातो आणि त्याच्या जागी पाणी शिरते. ते पाणी पुढे तव्यावर आपल्याला छळते.

सुरमईला खवले नसल्यासारखेच. पापलेटाचे खवले इतके बारीक की नुसते बोटाने निघतात. रावस आणि घोळ यांचे मात्र सुरीच्या पाठीने, शेपटीकडून डोक्याकडे खरवडून काढावे लागतात. त्यानंतर पंख कापावेत. मग पोट चिरायचे. मागच्या छिद्रापासून कल्ल्यापर्यंत, आणि सुरीचे टोक खोल जाऊ न देता. आत पित्ताची हिरवट पिशवी असते. ती फुटली तर आजूबाजूचे मांस कडू होते. फुटलीच तर तेवढा भाग कापून टाकावा. गाबोळी असेल तर वेगळी काढून ठेवावी. ती मीठ-हळद लावून तळली की घरातल्या लहान पोराची होते. आतड्या काढल्यावर कण्याच्या खाली गोठलेल्या रक्ताची एक काळी रेघ दिसते. बहुतेक लोक ती तशीच ठेवतात, आणि मग माशाला वास येतो म्हणून तक्रार करतात. ती रेघ अंगठ्याच्या नखाने खरवडून पाण्याच्या धारेखाली धुवावी. पोटाच्या आतले काळे पातळ कातडेही काढावे. कल्ले तर टाकायचेच.

आता कापणे. विळी धारदार हवी. बोथट विळीने मासा कापला जात नाही, चेंगरला जातो. तुकडी बोटाएवढी जाड, म्हणजे दीड सेंटिमीटरच्या आसपास असावी, आणि महत्त्वाचे म्हणजे सगळ्या सारख्या असाव्यात. हाताला कणा लागला की जोर न काढता विळीवर विळ्याची किंवा सुरीची पाठ ठोकून तो तोडावा. डोके आणि त्यालगतचा भाग कढीसाठी, मधल्या गोल तुकड्या तळण्यासाठी, शेपटीकडच्या लहान तुकड्या शेवटी, थोडा वेळच तळण्यासाठी, अशी वाटणी आमच्याकडे ठरलेली आहे. पोटाकडच्या भागात चरबी जास्त. तो जाणकार मागून घेतात.

मीठ, आंबट आणि वास

तुकड्यांना प्रथम नुसते मीठ आणि हळद लावावी आणि ताटात तिरप्या ठेवाव्यात. दहा मिनिटांत ताटाच्या खालच्या बाजूला पाणी जमते. मीठ तुकडीतले पाणी ओढून घेते. त्यामुळे वरचे मांस आवळते. हे पाणी फेकून द्यावे आणि तुकड्या स्वच्छ फडक्याने टिपून घ्याव्यात. संपूर्ण कृतीत एकच पायरी लक्षात ठेवायची असेल तर ती ही.

मग आंबट. आमच्याकडे कोकमाचे आगळ लावतात. घाटावर चिंच किंवा लिंबू चालेल. आंबट कशासाठी, असे मी लहानपणी विचारले होते, तेव्हा आई म्हणाली होती, "वास जाता." तो कसा जातो, हे मला महाविद्यालयात आल्यावर समजले. समुद्री माशाच्या अंगात एक पदार्थ असतो; मासा मेल्यावर जंतू त्याचे ट्रायमिथाइलअमाइन नावाच्या वायूत रूपांतर करतात. आपण ज्याला 'माशाचा वास' म्हणतो तो याचा. हा वायू अल्कधर्मी असतो. आम्ल मिळाले की त्याचा क्षार होतो, आणि क्षार हवेत उडत नाही. म्हणून नाकाला वास येत नाही.

हे वाचल्याच्या दिवशी मला एक जुनी गोष्ट आठवली. अकरावीत असताना माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलाने एकदा माझ्या हाताचा वास घेऊन बाक बदलला होता. त्यानंतर मी रोज साबणाने तीनतीनदा हात धुऊन बाहेर पडत असे आणि आईला मदत करणे टाळत असे. आई मात्र काम आटोपल्यावर वापरलेल्या आमसुलाचा चोथा हातांना चोळते आणि एका तांब्याने हात धुते. साबण बराचसा अल्कधर्मी असतो. या वासावर त्याचा उपाय चालत नव्हता. उपाय तिच्या हातात होता, आणि मी तिच्यापासूनच दूर पळत होतो. तिला ट्रायमिथाइलअमाइन हा शब्द ठाऊक नाही. मला तो शब्द ठाऊक झाला. पण त्या आधीची दोन वर्षे मी उगाच साबण झिजवला.

एक सावधगिरीची सूचना येथेच देतो. आंबट वास झाकते, शिळेपणा काढून टाकत नाही. सुरमई, बांगडा, कुपा या कुळातले मासे उन्हात बर्फावाचून राहिले तर त्यांच्यात हिस्टामिन नावाचा पदार्थ तयार होतो. तो तळून किंवा उकळून नाहीसा होत नाही. असा मासा खाल्ल्यास तोंड लाल होते, अंगाला खाज सुटते, डोके दुखते. खाताना जीभ चुरचुरली तर घास टाकून द्यावा. बाजारातून मासा आणल्यावर पिशवी खुंटीला टांगून गप्पा मारत बसू नये. ताबडतोब साफ करून बर्फात किंवा शीतकपाटात ठेवावा.

अर्धा किलो तुकड्यांना प्रमाण असे : मीठ एक लहान चमचा, हळद अर्धा चमचा, आगळ दोन चमचे, मालवणी मसाला दोन चमचे, आठ पाकळ्या लसूण आणि बोटाच्या पेराएवढे आले वाटून. आगळात मीठ असते, म्हणून मिठाचा हात आखडता ठेवावा. हे लावून पंधरा-वीस मिनिटे ठेवावे. तासन्‌तास मुरवू नये. मटणाला मुरणे मानवते. मासा मात्र आंबटात जास्त वेळ राहिला की चुलीवर न चढताच वरून पांढरा, खरबरीत होतो.

तवा

आमच्या घरी बिडाचा तवा आहे. तो आधी चांगला तापवावा, मग तेल घालावे, आणि तेलही तापू द्यावे. थंड तव्यावर ठेवलेली तुकडी चिकटणारच. दोन भाग बारीक रवा आणि एक भाग तांदळाचे पीठ एकत्र करून त्यात तुकडी दोन्ही बाजूंनी हलकेच दाबावी, जास्तीचे झटकावे आणि लगेच तव्यावर ठेवावी. पीठ लावून ताटात मांडून ठेवल्यास ते ओलसर होऊन सुटते.

येथे सुरुवातीच्या त्या टिपून घेण्याचे महत्त्व कळते. तुकडीवर पाणी असेल तर तव्याची सगळी आच प्रथम ते पाणी उडवण्यात खर्च होते. जोपर्यंत पाणी आहे तोपर्यंत वरची उष्णता शंभर अंशांपुढे जात नाही, आणि खमंग तांबूस पापुद्रा येण्यास त्याहून बरीच जास्त उष्णता लागते. म्हणजे ओली तुकडी आधी उकडते, आतून सुकते आणि मग कोठे वरून तांबूस होऊ लागते. कोरडी तुकडी लगेच पापुद्रा धरते आणि आत रसदार राहते.

मध्यम आचेवर एका बाजूला तीन-चार मिनिटे. या वेळात हात मागे बांधून उभे राहावे, हे फार कठीण आहे. मी पहिल्यांदा तळली तेव्हा अर्ध्या अर्ध्या मिनिटाने कालथा घालून बघत होतो आणि तुकडीचे तीन तुकडे झाले. तुकडी तयार झाली की ती स्वतःच तवा सोडते; कालथा घातल्यावर अडली तर अजून वेळ आहे असे समजावे. एकदाच उलटावी. दुसऱ्या बाजूला तीन मिनिटे पुरतात. मधल्या काट्याजवळ सुरीचे टोक घालून पाहावे. मांस पारदर्शक न राहता पांढरे झाले असेल आणि काट्यापासून सहज सुटत असेल तर झाले. तव्यावर एका वेळी तीन-चारच तुकड्या ठेवाव्यात. गर्दी केली तर तवा निवतो. आणि तळलेल्या तुकड्या एकीवर एक रचून झाकण ठेवू नये; वाफेने सगळी मेहनत फुकट जाते.

कढी

डोक्याची आणि कडेच्या तुकड्यांची कढी करायची. अर्धा नारळ, सहा-सात सुक्या मिरच्या, चमचाभर धणे, थोडी हळद आणि लहानसा कांदा पाट्यावर अगदी बारीक वाटावा. वाटप पातळ करून आधी एकटेच उकळावे. त्यात चार-पाच सोले टाकावीत, मीठ घालावे. कच्चा वास गेला म्हणजे मग मासा सोडावा. मासा आधी आणि वाटप मागून, असे करू नये. कारण वाटपाला वेळ लागतो आणि माशाला लागत नाही. मासा घातल्यावर मंद आचेवर पाच-सात मिनिटे पुरतात. या वेळात डाव घालून ढवळायचे नाही. टोप दोन्ही कडांना फडक्याने धरून हलकेच फिरवायचा. डोक्यातल्या हाडांचा आणि कातडीचा चिकट अंश रसात उतरतो, त्यामुळे कढीला दाटपणा येतो. सैल झालेली सुरमईसुद्धा अशा कढीत चांगली लागते. आईने आपल्या गिऱ्हाइकांना सांगितले होते ते याच कारणाने, आणि त्यांपैकी एक बाई दुसऱ्या आठवड्यात मुद्दाम आईकडेच आली, हे मी पाहिले आहे.

येथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, हे बायकांचे काम, तू कशाला सांगतोस? माझ्या वर्गातले निम्मे मित्र उद्या नोकरीसाठी मुंबई-पुण्याला जातील आणि चौघे मिळून एका खोलीत राहतील. त्यांना हे काम करावेच लागेल. शिवाय ज्याला आपण नुसते काम म्हणतो त्यात केवढे ज्ञान असते, हे मला त्या १८०० रुपयांनी शिकवले. तवा शेवटचा. तुकडी बिघडते किंवा साधते ती त्याच्या आधीच : लिलावात बोट लावताना, कण्याखालची रेघ खरवडताना, फडक्याने टिपताना. यातले एकही काम कपडे सांभाळून करता येत नाही.

१ जूनपासून यांत्रिक होड्यांना पावसाळी बंदी लागते आणि मग वडील घरी असतात. यंदा त्याच्या आदल्या आठवड्यात मी स्वतः लिलावात जाऊन, वाकून, दाबून, कल्ला उघडून दोन किलोची एक सुरमई घेतली, आणि आईने ती पाटीत ठेवली नाही. ती मी कापली, मी तळली. मधल्या तुकड्या आमच्या घरात प्रथमच आमच्या ताटात पडल्या. वडील जेवताना बोलत नाहीत. त्यांनी दुसरी तुकडी मागितली.

हा लेख लिहून झाल्यावर मी आईला वाचून दाखवला. तिने सगळा ऐकला. प्रशंसा वगैरे काही केली नाही. म्हणाली, एक गोष्ट राहिली, ती लिही. म्हणून लिहितो : मासा धुतलेले पाणी मोरीत ओतू नये. ते माडाच्या मुळाशी ओतावे.